दस्तगीरचाचांची हायकी

मंगळवार पेठेतले बुकबाइंडर दस्तगीरचाचा हायकूला ‘हायकी’ म्हणत. मी तीनदा दुरुस्त केलं. “चाचा, हायकू! जपानी कविता असते ती, तीन ओळींची.”

“तेच म्हणतोय की, अक्का. पोरं इचारत्यात, पुस्तक चांगलं हाय का? आपण म्हणायचं, हाय की! झाली हायकी.”

बांधणीला आलेल्या कुठल्याशा मासिकात त्यांनी हा प्रकार वाचला आणि तो त्यांना भलताच सोयीचा वाटला. पानं छाटल्यावर कागदाची जी अरुंद पट्टी उरते, तिच्यावर तीनच ओळी मावतात. पेठेतल्या वाचनालयातून फाटकी बालकादंबरी आली, की चाचा ती आधी वाचत, मग शिवत, आणि मग बोटांवर अक्षरं मोजत पट्टी लिहून पहिल्या पानाला एका कडेनं डकवत :

शेळी पळाली
शोधता रान सारं
पोर मिळाली

एवढं वाचून मुलं त्या पुस्तकासाठी भांडत. मी तेव्हा विशीतली, सायक्लोस्टाइल पत्रकं वाटत हिंडणारी. कविता हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असं माझं ठाम मत होतं. पण अन्याय मला सहन होत नसे, आणि अन्याय झालाच.

वाचनालयाच्या चिटणिसांनी स्वतः एक बालकादंबरी लिहिली होती. तीही दुरुस्तीला आली. ती मुलांनी नव्हे, वाळवीनं वाचली होती. चाचांनी पट्टी डकवली :

पान दहावं
उपदेश संपेना
झोप रे बाळा

चिटणिसांचा हुकूम सुटला. सोमवारपर्यंत सगळ्या पुस्तकांतल्या पट्ट्या निघाल्या पाहिजेत, नाहीतर बांधणीचं काम दुसऱ्याला! मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं : ‘मुलांच्या आवडीवर घाला! वाङ्मयीन हुकूमशाहीचा धिक्कार असो!’ आणि तणतणत दुकानात गेले. चाचा ओल्या फडक्यानं एकेक पट्टी सोडवत बसले होते.

“माघार? लढायचं सोडून?”

त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. “लई झ्याक हाय. पर लांब हाय, अक्का. तीन वळीत बसंल का?”

“चाचा, हा विनोदाचा विषय नाही!”

“न्हायच की. ते फाडून काढतील, पान जाईल. मी काढली तर पान ऱ्हातंय. आनि पुस्तकंच यायची बंद झाली, तर माझ्याकडं येणार कोण?”

गिऱ्हाइकं येतील की, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात सुटलेल्या पट्ट्यांच्या मागे पेन्सिलीची अक्षरं दिसली. फाटक्या पुस्तकाचं शेवटचं पान बहुधा गायबच असायचं. मग चाचा हायकीखाली बारीक अक्षरात लिहीत, ‘पुढं काय झालं? मागं लिहा.’ मुलं पट्टी उलटून आपल्या मनानं शेवट लिहीत. पुस्तक पुन्हा फाटून आलं, की चाचा आधी तेच वाचत. इतकी वर्षं चाललेला हा पत्रव्यवहार पेठेतल्या कुणाच मोठ्या माणसाला ठाऊक नव्हता.

शेळीच्या पट्टीमागे लिहिलं होतं : ‘शेळी घरी आली. सगळे जेवले. चाचा तुमीपण रविवारी जेवायला या.’

“मग गेलात?”

“कुणाकडं? नाव न्हाय की घातलेलं.” चाचा फडकं पिळत म्हणाले, “दोन रविवार धुतला सदरा घालून दुकान उघडं ठेवलं. म्हटलं, बोलवायला येतंय कोणतरी.”

तो हुकूम अन्यायाचाच होता, हे मी आजही म्हणते. पण त्या दिवशी पत्रकाची घडी घालून पिशवीत टाकली.

“द्या इकडं ती पट्टी. पत्रकं वाटून पेठेतलं घरन्‌घर मला पाठ आहे. अक्षर कुणाचं, विचारून येते.”

चाचांनी लगेच दिली नाही. आधी तिच्यावर फुंकर मारली, मग दोन्ही हातांनी पुढं केली.

“जपून न्या, अक्का. कड अजून वली हाय.”