दोन कॅमेऱ्यांचा एक फ्लॅश

पत्राला उत्तर न देण्यात माझा हात कोणी धरणार नाही! बाकीचे लोक आळसाने उत्तर देत नाहीत, नाहीतर विसरतात. मी पत्र पुन्हापुन्हा वाचतो, उत्तर मनात जुळवतो आणि खात्री वाटत नाही म्हणून परत घडी घालून ठेवतो. धाकट्या भावाचं पत्र मी असं दोन वर्षं सांभाळलं.

पत्रात भानगडीचं काहीच नव्हतं. "दादा, बाबांचा रोलचा कॅमेरा माझ्याकडे आहे. लेकीने आता डिजिटल दिलाय. दोन्हींवर फोटो काढायचेत, पण फ्लॅश एकच घ्यायचाय. दोन्हींना चालेल असा कुठला घेऊ? तू एवढं वाचतोस, तूच सांग."

तिथेच घात झाला. मी वाचायला बसलो! काही जुन्या फ्लॅशच्या पायात, म्हणजे कॅमेऱ्यावर बसतो त्या भागात, म्हणे शेकडो व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. रोलचा कॅमेरा ते पचवतो. डिजिटलचं पोट नाजूक, त्याचा एका झटक्यात कोळसा व्हायचा. नवे हुशार फ्लॅश आपल्याच घराण्यातल्या नव्या कॅमेऱ्याशी गुलुगुलु बोलतात आणि जुन्याला ओळखही दाखवत नाहीत. म्हणजे हवा तो मुका फ्लॅश. पायाला मधोमध धातूचा एकच ठिपका, व्होल्ट कमी, आणि उजेड किती ते आपण हाताने ठरवायचं. जो कोणाशी बोलत नाही, त्याचं दोघांशीही जमतं.

"अगदी तुमच्यासारखा," ही म्हणाली. "फक्त तुमचं कोणाशीच जमत नाही."

उत्तर सापडलं होतं. पण चुकलं तर? कोळसा धाकट्याच्या कॅमेऱ्याचा होणार! पत्राची पुन्हा घडी.

मग एक दिवस ही फोन ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "भावजी येतायत रविवारी. बाबांचा कॅमेरा घेऊन."

"फोटो काढायला?"

"तुम्हाला देऊन टाकायला! म्हणाले, दादाला तो हवा होता, म्हणून अबोला धरलाय. ठेवून जातो, पुन्हा त्रास द्यायला येणार नाही."

माझ्या हातातलं पुस्तक गळून पडलं. अबोला? मी? मी तर त्याच्यासाठी व्होल्ट मोजत होतो! पण असलं काही तोंडाने सांगायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून ठरवलं, बोलायचंच नाही. फ्लॅश आणून सरळ त्याच्या हातात ठेवायचा!

दुकानदाराने आधी हुशार फ्लॅश पुढे केला. मी म्हणालो, "मुका दाखवा." त्याने माझ्याकडे दयेने बघितलं आणि खालच्या कप्प्यातून एक काढला. मी पायाचा ठिपका तपासला, व्होल्ट विचारले, बटणं खालीवर करून बघितली आणि खूश होऊन घरी आलो.

रविवारी धाकटा आला तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. बाबांचा कॅमेरा टेबलावर ठेवला. माझ्या स्वेटरच्या खिशात फ्लॅश तयार होता. हात खिशापर्यंत जायचा आणि परत यायचा.

"वहिनी, निघण्याआधी तुमचा एक फोटो घेतो," म्हणत त्याने डिजिटल उचलला. त्याच्यावरचा छोटा फ्लॅश उडाला, आणि त्याच क्षणी माझ्या पोटातून लख्खकन वीज चमकली!

"अगं बाई!" ही किंचाळली.

"दादा, खिशात काय आहे?"

"काही नाही."

"काही नाहीचा एवढा उजेड पडतो?" त्याने फोटो बघितला. हिचे डोळे गच्च मिटलेले. "पुन्हा घेतो." पुन्हा तेच! मी काजव्यासारखा पेटलो.

धाकटा उठून उभा राहिला. "चोरून माझे फोटो काढतोयस? कॅमेरा परत केल्याचा पुरावा हवाय? कागदावर सही करून देतो की!"

"नाही रे, मी... पाणी आणतो!"

स्वयंपाकघरात जाऊन मी फ्लॅश रिकाम्या काचेच्या बरणीत कोंबला आणि झाकण घट्ट लावलं. बाहेर येतो तर धाकटा कॅमेरा तपासायला तिसरा फोटो काढत होता. आतली बरणी दीपस्तंभासारखी उजळली!

"वहिनी, तुमच्या घरात शॉर्टसर्किट आहे!" तो ओरडला. हिने खुर्चीवर चढून मेन स्विच पाडला. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला. खात्रीसाठी त्याने चौथा फोटो काढला. बरणी पेटली!

मेन बंद, आणि बरणी चालू! ही तरातरा आत गेली आणि बरणीच घेऊन आली. "अहो, हे काय मुरत घातलंय?"

आता इलाज नव्हता. मी फ्लॅशच्या खोक्यातला माहितीचा चिठोरा काढला. एवढी पुस्तकं वाचली, पण तेवढा एकच कागद वाचायचा राहिला होता! फ्लॅशला एक बारीकसं बटण होतं. ते वर असलं, की दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसताच हा आपणहून उडतो. दुकानात मीच ते वर करून ठेवलं होतं.

"पण हा आणलास कशाला?" धाकट्याने विचारलं.

"दोन्हींना चालतो," मी पुटपुटलो. "तू विचारलं होतंस."

"म्हणजे तू दोन वर्षं रागावला नव्हतास?"

"छे! वाचत होतो."

"अरे, मग माहीत नाही एवढं तरी लिहायचंस!"

"माहीत होतं रे. खात्री नव्हती."

धाकटा हसायला लागला. इतका हसला, की खुर्चीच्या कडेवरून आत सरकून ऐसपैस बसला. बटण खाली करून आम्ही फ्लॅश आधी बाबांच्या कॅमेऱ्यावर चढवला. उडाला. मग डिजिटलवर. मी डोळे मिटून घेतले. कोळसा झाला नाही! बाबांचा कॅमेरा त्याने पुन्हा आपल्या पिशवीत ठेवला.

"पण मला लेखी उत्तर हवं," तो म्हणाला. "पत्राचं उत्तर पत्रानेच. तेही पोस्टाने!"

मी तिथेच लिहायला बसलो. ठिपका, व्होल्ट, बटण, सगळं लिहिलं. मग दोघं कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो. माझा हात पेटीच्या तोंडाशी अडखळला, तेव्हा त्याने माझ्या कोपराला हलकेच ढकललं. पत्र आत पडलं.

"पत्ता कुठला घातलास?"

"तुझ्या पत्रावरचा."

"दादा! ते घर सोडून मला वर्ष झालं!"

मी पेटीत मनगटापर्यंत हात घालून बघितला. उपयोग झाला नाही. तेव्हा आता त्या घरात जे कोणी राहत असतील, त्यांनी पत्र आलं तर खुशाल उघडावं. त्यात लिहिलेलं उत्तर बरोबर आहे.

बहुतेक.