देवमनबाबाचे चिंचोके

देवमनबाबा आजारी लेकराची नाडी बघत नसे, कपाळाला हात लावत नसे. तो त्याच्या तळहातावर चिंचोका ठेवायचा आणि मान तिरपी करून ऐकायचा.

तो आमच्या दवाखान्याचा शिपाई. मी नवा कंपाउंडर. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती आणि देशाला शिस्त लावायचं उरलेलं काम माझ्यावर आहे, अशी माझी समजूत होती. अनसिंगच्या बाजूचं गाव. हगवण-ओकारीचे दिवस आले की व्हरांड्यात चाळीस-पन्नास बाया लेकरं घेऊन बसलेल्या, आणि डॉक्टर एकच.

बाबा न बोलता रांगेतून फिरायचा. लेकरानं चिंचोक्यावर मूठ मिटली की पुढचं लेकरू. "रडते त्याले बसू द्या," एवढंच पुटपुटायचा. पण एखाद्या हातावरून चिंचोका घरंगळून फरशीवर टक् वाजला, की अख्खा व्हरांडा गप्प. रडणारी पोरंसुद्धा. बाबा ते लेकरू उचलून थेट आत न्यायचा. टक् वाजलं की वर निरोप जातो, असं गावात बोलत. पहिल्या बाकाच्या कडेला तो कुणालाच बसू देत नसे. ती रिकामी जागा मात्र रोज ओल्या फडक्यानं पुसायचा. मी भर दुपारीही त्या बाकाकडे पाठ करून बसत नसे. भीती नव्हती, तिकडून वारा लागायचा.

मी उपाय काढला. दूधभुकटीच्या डब्यांचे पत्रे कापून त्यांवर खिळ्यानं नंबर ठोकले. जो आधी आला तो आधी आत. चिंचोके बंद करा म्हटल्यावर बाबानं खिसा माझ्या टेबलावर रिकामा केला.

पहिल्याच दिवशी काय ती शिस्त! एकतीस नंबरचं लेकरू तर इतकं शहाणं, की बाकीच्यांना दाखवून मी म्हणालो, याच्याकडून शिका जरा. त्याची आई सुखावली. आत्ताच डोळा लागला म्हणाली.

नऊ नंबर आत होता. बाबानं टेबलावरचा एक चिंचोका उचलला आणि त्या शहाण्या हातावर ठेवला.

टक्.

"हे निजलं नाही, माय," म्हणत त्यानं लेकरू उचललं. मी आडवा आलो. हो, नऊ नंबर आत आहे म्हणत खरोखर दारात आडवा आलो.

"सरका, साहेब. याले आकडे येत नाहीत."

डॉक्टरांनी मांडीत सलाईन टोचलं. दिवेलागणीला ते लेकरू रडलं. इतकं बेसूर रडणं इतक्या आनंदानं मी कधी ऐकलं नव्हतं.

नंबरांची पिशवी उकिरड्यावर टाकायला निघालो, तर बाबानं हात पुढे केला.

"एक नंबरचा पत्रा मले द्या."

कोणासाठी, मी विचारलं. त्यानं बाकाकडे पाहिलं.

"पोरीसाठी. तवाबी रांग मीच लावत होतो. बाकीचे रडून राह्यले होते, ते पुढं सोडले. माही उगी होती. मले वाटलं, शहाणी हाये."

त्यानं तो पत्रा पुसलेल्या जागेवर ठेवला.

पुढे चिंचोकेही चालले आणि माझे नंबरही. आधी चिंचोका, मग नंबर. फक्त दुसऱ्या दिवसापासून सकाळी पहिल्या येणाऱ्याला मी दोन नंबरचा पत्रा देऊ लागलो. कुणी विचारलंच तर सांगायचो, एक नंबर बसलेली आहे.