साडेअकराचा सन्माननीय पराभव

चर्रर्र!

दुपारची शांत वेळ. धाकट्याला हाता-पाया पडून झोपवून मी नुकती पाठ टेकली होती, तेवढ्यात नवऱ्याने कृत्रिम पायाचा वेल्क्रोचा पट्टा सोडला. कुकरच्या शिट्टीला न बधणारं आमचं बाळ त्या आवाजाला टक्क जागं झालं.

"सॉरी," नवरा म्हणाला, "आणि हो, शहराच्या टेबल टेनिस स्पर्धेत उतरतोय मी."

दोन्ही गुन्हे त्याने एका दमात सांगून टाकले, म्हणजे रागवायचं ते मी एकदाच रागवावं.

डाव्या गुडघ्याखालचा पाय तो सीमेवर ठेवून आला होता. सैन्यात जाण्याआधी तो या शहराचा विजेता होता आणि ती खेळायची खोड मात्र शाबूत परत आली होती. जेवणाच्या टेबलाची अर्धी फळी सरावासाठी भिंतीला उभी केलेली असल्यामुळे आम्ही वर्षभर जमिनीवर जेवत होतो. ताटात चेंडू पडला की पाच वर्षांची आमची लेक भिंगरी ओरडायची, "आईचा पॉइंट!"

"आणि हरलास तर?" मी विचारलं.

"हरीन की! पण हरायला तरी मिळू दे. दोन वर्षांत मला कुणी हरवलेलंच नाही गं. जो भेटतो तो सत्कारच करतो."

टेबल टेनिस संघटनेच्या कार्यालयात आम्ही शिरलो आणि अख्खं कार्यालय आदराने उठून उभं राहिलं. आदराने उभ्या असलेल्या माणसांना काम सांगता येत नाही, त्यामुळे बराच वेळ काहीच घडलं नाही.

"नाव कुणाचं नोंदवायचं? मुलीचं?" सचिवांनी शेवटी विचारलं.

"माझं."

सचिव मटकन खाली बसले. "साहेब, तुम्ही आमचं प्रेरणास्थान! प्रेरणास्थानाची जागा व्यासपीठावर. उद्या तुम्ही खेळलात, हरलात, तर आम्ही प्रेरणा घ्यायची कुठून?"

"थोडे दिवस दुसरीकडून घ्या."

प्रकरण तांत्रिक समितीकडे गेलं. दिव्यांग गटाच्या डॉक्टरांनी नवऱ्याला दारापासून खिडकीपर्यंत चालवलं आणि खेदाने मान हलवली. "चाल फारच चांगली आहे हो. या गटासाठी तुमचं पुरेसं गेलेलं नाही."

राहिला खुला गट. तिथे समितीने अशी हरकत नोंदवली, की खेळताना इतर खेळाडूंचे दोन्ही पाय दुखतात, अर्जदाराचा एकच दुखणार. सबब हा अनुचित लाभ होय. नवऱ्याने कळवलं, की नसलेला पायसुद्धा दुखतो, उलट असलेल्यापेक्षा जास्तच. उत्तर आलं: 'अस्तित्वात नसलेल्या अवयवाच्या तक्रारीची परस्पर दखल घेता येत नाही. संबंधित अवयवासह समक्ष उपस्थित राहावे.'

"बघतो, रजा मिळते का त्याला," नवरा म्हणाला. आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. मग मी घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

अखेर प्रायोजकाने गाडी रुळावर आणली. त्याचा गाद्यांचा कारखाना होता आणि त्याला वीर खेळाडूबरोबर फोटो हवा होता. समितीच्या सगळ्या हरकती एका दिवसात बऱ्या झाल्या. कार्यक्रमपत्रिका घरपोच आली. दहाला पहिली फेरी. साडेअकराला वीर खेळाडूचा सन्माननीय पराभव. लगेच सत्कार, मग भोजन. मानपत्रही छापून तयार होतं: 'हार-जीत गौण असते, हे आपण आज पराभूत होऊन दाखवून दिलेत.'

पहिल्या फेरीत समोर कॉलेजचा मुलगा होता. बाळाला घास भरवावा तसे तो अलगद चेंडू देत होता. नवऱ्याची सर्व्हिस नेटमध्ये गेली आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पुढचा चेंडू टेबलाबाहेर गेला, तर लोक उभेच राहिले. पुढच्या रांगेतल्या आजींनी रुमालाने डोळे टिपले. नवऱ्याचे कान लाल झाले. कान लाल झाले की त्याचा बॅकहँड दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

तो जिंकला. सचिव धावत आले.

"साहेब, साडेअकरा वाजून गेले!"

"मग?"

"पाहुणे खोळंबलेत. फुलं माना टाकायला लागलीत."

तो दुसरी फेरी जिंकला, उपांत्य फेरीही जिंकला. भोजन थंड होत गेलं, तशा टाळ्याही. सचिव हात जोडून म्हणाले, "अहो, किती प्रेरणा द्याल? लोकांना झेपली पाहिजे ना!"

अंतिम सामन्यात गतविजेता समोर आला. हा बँकेतला कॅशियर कुणालाच सुटे पॉइंट देत नसे. त्याने पहिल्या चेंडूपासून नवऱ्याला दोन्ही कोपऱ्यांत पळवलं, एकदा तर आडवंच पाडलं. मी धावले, तर हा उठता उठता हसत होता. "बघितलंस? माणूस समजून मारतोय मला!"

पाचव्या गेमचा शेवटचा पॉइंट नवऱ्याने सरळ रेषेत मारला. कॅशियरने बॅट आपटली, मग हात पुढे केला. "पुढच्या वर्षी सोडत नाही तुला!"

तुला! दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणा परक्याने त्याला अरे-तुरे केलं होतं. माझ्या नवऱ्याचा चेहरा लग्नातही इतका उजळला नव्हता.

सभागृहात मात्र सुतकी शांतता. मग मागून कुजबुज सुरू झाली. "पायात स्प्रिंग असणार." "आता याला सगळंच हवं. पेन्शन आहे ना?" "बिचारा कॅशियर!" ही काही वाईट माणसं नव्हती हो. तुमच्यासारखीच हळवी, सुशिक्षित, सैनिकाची बातमी वाचली की गलबलून येणारी. आजींनी रुमालाची घडी घालून पर्स बंद केली. सचिव मानपत्रातला 'पराभूत' हा शब्द पेनाने खोडत होते.

माझ्या मांडीवरच्या भिंगरीने टाळीसाठी उचललेले दोन्ही हात तसेच हवेत ठेवून आधी पुढे पाहिलं, मग मागे वळून एकेक रांग न्याहाळली आणि त्या शांततेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात विचारलं,

"आई, बाबा चुकत होते तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते ना? मग आता का नाही वाजवत?"