लेले काकांचं बडबडशास्त्र

आमच्या कोपरीच्या सोसायटीत लेले काकांसमोर कुणी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोललं, की ते हात वर करून त्याला थांबवतात आणि तो नेमकी कुठल्या जातीची बडबड करतो आहे ते सांगतात. मी एकदा जिन्यात गॅस सिलिंडरची रडकथा सांगत होते. "सुनेत्रा, ही टकळी झाली," ते म्हणाले. टकळीवर सूत काततात, ती एकदा फिरली की फिरतच राहते, एवढं समजावून ते वर निघून गेले. सिलिंडरचं राहूनच गेलं.

काका वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं कापल्यामुळे असेल, पण मोकाट सुटलेलं बोलणं त्यांना सोसत नसे. चर्चा लांबली की गुऱ्हाळ, कारण रस आटेपर्यंत चुलाण पेटतंच ठेवावं लागतं. तेच ते पुन्हा सांगितलं की चऱ्हाट, म्हणजे वळतच राहायचा जाड दोर. "बाष्कळ" कुठून आला हे मात्र त्यांना अजून सापडलेलं नाही. ही त्यांच्या मनाला लागलेली गोष्ट आहे.

त्यांच्या पत्नी, मालतीकाकू, भरपूर बोलायच्या. गच्चीवर पापड वाळत घालताना मला एकदा म्हणाल्या, "यांना माझ्या प्रत्येक बोलण्याचं नाव ठाऊक आहे. पण चाळीस वर्षांत एकदा 'मग?' म्हणाले असतील तर शपथ." आणि हसल्या. मीही हसले. गेल्या वर्षी काकू गेल्या.

काकांचा जीव रमावा म्हणून आम्ही त्यांना सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहायला दिलं. चूक आमचीच. दुसऱ्या दिवशी नोटीसबोर्डावर सुवाच्य अक्षरात लागलं: "पाण्याच्या पंपाबाबत श्री. म्हात्रे यांनी वीस मिनिटे गुऱ्हाळ लावले. श्री. कदम यांनी चऱ्हाट वळले. सौ. सावंत बाष्कळ बोलल्या. पंप बंदच आहे."

सावंतबाई आठवडाभर फुगून होत्या. म्हात्रे इथले मूळचे, शांत माणूस. त्यांनी काकांना एवढंच विचारलं, "मीटिंगमदी बोलाचा नाय, त बोलाचा कुठं?"

त्यानंतर इतिवृत्ताची वही तर काकांकडून गेलीच, पण लोकही काकांशी बोलेनासे झाले. ते खाली बाकावर येऊन बसले की बाकीचे "बरं आहे ना, काका?" म्हणून पांगायचे. खोटं कशाला सांगू, त्यांची चाहूल लागली की मीसुद्धा जिन्याऐवजी लिफ्ट धरायची.

परवा रविवारी दुपारी अळूवड्या द्यायला गेले. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. एकीसमोर काकूंच्या चष्म्याची डबी तशीच. मी डबा ठेवून निघणार, तेवढ्यात काका म्हणाले, "बस. काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. अगदी बाष्कळसुद्धा चालेल." मग खाली बघत म्हणाले, "मी नाव नाही सांगणार."

मी बसले आणि भराभर बोलत सुटले. दूधवाल्याचे नखरे, डोंबिवलीच्या बहिणीने स्वयंपाकघराला बसवलेल्या जांभळ्या टाइल्स, त्यावरून तिच्या सासूचा अबोला. शेवटी दम लागून थांबले आणि सवयीने त्यांच्या हाताकडे बघितलं.

हात टेबलावरच होता, चष्म्याच्या डबीशेजारी.

"मग?" काका म्हणाले.