डुकराच्या तोंडाखालची मेजवानी

बर्मिंगहॅममध्ये हलाल कुठं खावं, हे मला विचारायचं. फोनला नाही, इंटरनेटला नाही, मला! तीस वर्षं या शहरात टॅक्सी हाकतोय. मला माहीत नसलेला खाटीक अजून जन्माला यायचाय! नवीन हॉटेल उघडलं की पहिल्या दिवशी गिऱ्हाईक दारातून आत शिरतं आणि हा गुलफाम मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरतो. मांस कुठून आणलं? सुरी फिरवणारा कोण? मशीननं की हातानं? ज्या कढईत कोंबडी तळता तिच्यात आधी काय तळलं होतं? आचारी रडकुंडीला आले तरी चालतील, पण खात्री झाल्याशिवाय मी घास तोंडात घालत नाही.

लोकांच्या भल्यासाठी मी फोनवर एक ग्रुपही काढला. 'हलाल हेल्पलाइन.' टॅक्सीवाले, त्यांच्या बायका, बायकांच्या बहिणी, मशिदीतली मंडळी, सगळे त्यात; नाहीत त्या फक्त माझ्या घरातल्या दोघी. मी मालक, आणि मी नमाजात किंवा झोपेत असलो तर काम अडू नये म्हणून आमच्या स्टँडवरचा नजाबत हा उपमालक. मी एखाद्या हॉटेलावर लाल फुली मारली की तिथं दुसऱ्या दिवसापासून माश्या!

आमची बायको शगुफ्ता म्हणायची, "माहमचे अब्बा, देवानं हिशेब ठेवायला फरिश्ते नेमलेत. तुम्ही कशाला त्यांच्या नोकरीवर गदा आणता?"

बायकांना समाजकार्य कळत नाही. मी दुर्लक्ष करायचो.

आता मुख्य गोष्ट. आमची एकुलती एक मुलगी माहम औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. एकोणीस स्थळं नाकारून झाल्यावर एक दिवस तिनं स्वतःच सांगितलं, "अब्बू, मला हैथम पसंत आहे." मुलगा यमनी, घरचे लोक शेफील्डचे. आम्ही मूळचे पाकिस्तानकडच्या मीरपूरचे; मीरपूरच्या मुलीनं यमनी मुलगा आणला म्हणून आमच्याकडे आधी दोन दिवस चूल थंड. मग मुलगा भेटायला आला, शगुफ्ताच्या हातचे पराठे खाऊन त्यानं स्वतः ताट धुतलं, आणि शगुफ्ता त्याच क्षणी फितूर झाली. मलाही पोरगा आवडला. ठरलं! रविवारी त्याचे आईवडील भेटणार, गप्पा, जेवण, आणि सगळं जुळलं तर तिथंच अंगठी.

"जेवण कुठं?" मी विचारलं.

"ते सरप्राइज आहे, अब्बू," माहम म्हणाली. "त्यांच्याकडून. पत्ता रविवारी सकाळी येईल."

"म्हणजे? मी न तपासलेल्या ठिकाणी?"

"अब्बू, हात जोडते. एक दिवस! आत गेल्यावर स्वयंपाकघरात शिरायचं नाही. सुरीवाल्याचं नाव विचारायचं नाही. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

मी कबूल झालो. बापाचं काळीज आहे, दगड नाही.

गुरुवारी दुपारी मी स्पार्कहिलच्या सिग्नलला थांबलो होतो. समोर कोपऱ्यावर तो जुना पब. त्याच्या दारावर दगडात कोरलेलं रानडुकराचं भलंमोठं मुंडकं आहे. सुळे बाहेर, डोळे वटारलेले. आमच्या बायका पोरांना घेऊन त्या बाजूनं जाताना रस्ता ओलांडतात. आणि माझ्या डोळ्यांदेखत, भर दुपारी, एक म्हातारा त्या दारातून आत शिरला! पांढरीशुभ्र दाढी, पायघोळ अंगरखा, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर नूर! हातात खोकं, खोक्यात बाटल्या!

हात आपोआप फोनकडे गेला. काचेतूनच फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: 'बघा, बांधवांनो! कयामत जवळ आली! ही दाढी आणि हे दार! कुणाचा बाप आहे शोधा आणि घरी न्या!'

सिग्नल हिरवा झाला. मनाला कसं समाधान वाटलं. समाजाच्या डोळ्यांत अंजन घातलं होतं ना!

नजाबतनं तो फोटो आणखी सहा ग्रुपांवर टाकला. तिथून तो कुठं गेला देव जाणे. संध्याकाळी ब्रॅडफर्डच्या मेव्हण्यानं मला तोच फोटो पाठवला. रात्री मीरपूरहून मावशीनं पाठवला, वर विचारलं, "गुलफाम, हे तुमच्याच गावातलं ना रे? तू तरी सांभाळून राहा बाबा!"

रविवार उजाडला. सूट घातला, हैथमनं माझ्याकडे सांभाळायला दिलेली अंगठीची डबी कोटाच्या खिशात टाकली, टॅक्सी धुऊन पुसून लखलखीत केली. पत्ता आला. मी फोन समोर लावला आणि निघालो. फोन म्हणेल तिकडं वळत गेलो. स्पार्कहिल आलं. तोच सिग्नल आला. तोच कोपरा आला.

"आपण पोहोचलो आहोत," फोनमधली बाई म्हणाली.

वर बघतो तर डुक्कर!

"पत्ता चुकला," मी म्हणालो.

"नाही चुकला," मागून माहम म्हणाली. तिचा आवाज आनंदानं थरथरत होता. "सरप्राइज!"

शगुफ्तानं ओढणी तोंडाला लावली. "या अल्लाह! माहम, हे काय गं?"

तेवढ्यात हैथम धावत बाहेर आला, माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं आणि एका दमात सांगून टाकलं. ही इमारत त्याच्या वडिलांनी घेतली होती. शेफील्ड सोडून ते बर्मिंगहॅमला आले होते. आयुष्यभराची पुंजी यात घातली होती. आतून सगळं नवं, दारूचा थेंब नाही, यमनी जेवण, नखशिखांत हलाल! आज पहिला दिवस आणि पहिलं ताट आमचं.

"आणि... हे?" मी वर बोट केलं.

"इमारत शे-दीडशे वर्षांची आहे ना, चाचा. काउन्सिल म्हणते, हा ऐतिहासिक ठेवा. तोडायचा नाही, झाकायचा नाही, रंगवायचासुद्धा नाही. बाबांनी विचारलं, निदान टोपी घालू का? तर नाही म्हणाले."

म्हणून त्यांनी डुकराच्या बरोबर खाली हिरवी पाटी लावली होती: 'येथे सर्व काही हलाल.' रस्त्यावरून बघणाऱ्याला ते डुक्करच ग्वाही देतंय असं वाटत होतं.

मी हसायला सुरुवात केली. खरंच गंमत वाटली हो! आणि मग दारात ते उभे राहिले. पांढरीशुभ्र दाढी. पायघोळ अंगरखा. चेहऱ्यावर नूर.

माझं हसू जागच्या जागी गोठलं.

"अहलन! या, या, व्याही!" हैथमच्या वडिलांनी, हाजी सालेहनी, मला मिठी मारली. मी त्यांच्या खांद्यावरून डुकराकडे बघत होतो आणि डुक्कर माझ्याकडे.

आत गेलो. काय सुंदर जागा केली होती! पितळी दिवे, नक्षीदार लोड, पांढऱ्या चादरी, टेबलांवर ताजी फुलं. आणि माणूस एकही नाही. एकूण एक टेबल रिकामं.

"सगळं भरलं होतं," हैथमची आई हळूच म्हणाली. "लोकांनी आधी नावं नोंदवली होती. शुक्रवारपासून एकेकानं फोन करून रद्द केलं."

"का बरं?" शगुफ्तानं कळवळून विचारलं.

हाजीसाहेबांनी खिशातून फोन काढला आणि टेबलावर ठेवला. "कुणीतरी माझा हा फोटो काढला. मी गुलाबपाण्याच्या बाटल्या आत नेत होतो. त्यावर लिहिलं, हा म्हातारा दारू प्यायला चाललाय. खाटीक मला मांस द्यायला कचरला! मशिदीत माझ्या शेजारी उभा राहिलेला माणूस एक जागा सरकून उभा राहिला. एडनहून माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, फोनवर रडत होता. म्हणाला, सालेह, तू असं का केलंस?"

मी पाण्याचा तांब्या चाचपू लागलो, तो हाताला लागेना.

"कोण मेला असला हरामखोर!" शगुफ्ता कडाडली. "त्याच्या घरात पोरीबाळी नसतील का?"

"सापडेल," हाजीसाहेब म्हणाले. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. "हे बघा. टॅक्सीतून काढलाय. वरच्या कोपऱ्यात काय लटकतंय दिसतं का? लोकरीचा उंट आहे. लाल झूल, एक कान तुटका. तो उंट सापडला की माणूस सापडला."

लोकरीचा उंट! मक्केला उमरा करून परत आल्यावर शगुफ्तानं स्वतःच्या हातानं विणला होता. तुटका कान तिच्याच हातून सुटलेला टाका. माझ्या आरशाला गेली सात वर्षं लटकतोय!

शगुफ्तानं फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतक्या मोठ्यानं गप्प बसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

आणि माझी लखलखीत टॅक्सी खिडकीच्या अगदी समोर उभी होती. उंट उन्हात मजेत झुलत होता!

"मी... जरा गाडी नीट लावून येतो," मी उठलो.

"नीटच लावलीय की, चाचा," हैथम म्हणाला.

"नाही, तिरकी आहे. मला तिरकं सहन होत नाही!"

धावत बाहेर गेलो. आरशाचा दोरा सुटेना, गाठ बसलेली. शेवटी दातांनी तोडला. उंट कोटाच्या खिशात कोंबला आणि घाम पुसत परत आलो. हुश्श! म्हटलं, आता घरी जाऊन जाळून टाकू, ग्रुपवर दुरुस्तीचं दोन ओळींचं काहीतरी टाकू, कुणाला कळणारही नाही.

तोवर जेवण आलं होतं. भल्यामोठ्या परातीत पिवळ्याधमक भाताचा डोंगर आणि वर अख्खं कोकरू, मऊ, वाफाळलेलं. हाजीसाहेबांनी पहाटे उठून स्वतः रांधलेलं. उत्तम तुकडा तोडून त्यांनी आधी माझ्यापुढे ठेवला.

"तुम्ही हलालचे मोठे जाणकार आहात म्हणे," ते म्हणाले. "माहम सांगत होती. तुम्ही एकदा चांगलं म्हणालात की मला बाकीचं जग नको."

जेवण इतकं चविष्ट, आणि मला रडू येत होतं. चांगला माणूस होता हो! मी त्याचं तोंड काळं केलं होतं आणि तो मला कोकराची मान भरवत होता.

"चला," हैथमची आई हसून म्हणाली, "आता अल्लाहचं नाव घेऊन अंगठी काढा!"

मी खिशात हात घातला. डबी ओढली. डबीच्या रेशमी फितीत उंटाचा तुटका दोरा अडकला होता. डबी वर आली, तिच्या मागून उंटही वर आला, परातीवर दोन झोके घेतले आणि पिवळ्याधमक भातात जाऊन बसला. अगदी वाळवंटात बसतो तसा.

"अब्बू?" माहम म्हणाली. एवढंच. माझी पोरगी चिडली असती, ओरडली असती तर चाललं असतं. पण तिचे डोळे भरले होते आणि तिनं ओढणीखाली स्वतःचं बोट झाकून घेतलं होतं, जणू तिथं अंगठी येणारच नव्हती.

मी उभा राहिलो. "हाजीसाहेब, फोटो मी काढला. लिहिलंही मीच. मला हाकला, हवं तर चार थोबाडीत मारा. पोरीचा यात काही दोष नाही."

हाजीसाहेबांनी उंट उचलला. त्याच्या पाठीवरचे भाताचे दाणे एकेक करून काढले.

"गुलफामभाई," ते शेवटी म्हणाले, "प्रत्येक हॉटेलात जाऊन तुम्ही विचारता, मांस कुठलं? मग मला सांगा, माझ्या पाठीमागे तुम्ही माझे जे लचके तोडले आणि सगळ्या गावाला वाटलेत, ते मांस हलाल होतं का?"

तीस वर्षांत कुणी मला उलटा प्रश्न विचारला नव्हता.

"मुलगी आमचीच आहे," ते पुढं म्हणाले. "तिला तुमच्या जिभेची शिक्षा कशाला? पण अंगठी नंतर. आधी बाहेर चला, ताट घेऊन. त्या डुकराखाली उभे राहा, घास घ्या, फोटो काढू. आणि तो तुम्ही स्वतः तुमच्या ग्रुपवर टाका. खरं काय ते लिहा."

मी मान डोलावली. ताट घेऊन डुकराखाली उभा राहिलो, भला मोठा घास तोंडात कोंबला. हैथमनं फोटो काढून पाठवला. मी तो लगेच ग्रुपवर टाकला आणि खाली लिहायला बसलो: 'बांधवांनो, माझ्या हातून मोठी चूक झाली. हे सज्जन गृहस्थ माझे व्याही...'

मला टाइप करायला वेळ लागतो. बोटं जाडी आहेत.

पहिलं उत्तर नजाबतचं आलं: 'तौबा! गुलफामभाईसुद्धा गेले!!'

दुसरं मशिदीतून: 'आणि तोंडात केवढा घास बघा!'

मी घाईघाईनं टाइप करत होतो. 'व्याही' लिहून पुढं 'असून' लिहिलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: तुम्हाला या ग्रुपमधून काढून टाकण्यात आले आहे.

माझ्या ग्रुपमधून! मला! त्या नजाबतनं!

हाजीसाहेब इतके हसले की दाढीत भात उडाला. माहमही हसली, डोळे पुसत पुसत, आणि हैथमनं तिच्या बोटात अंगठी घातली. शगुफ्ता तेवढी हसली नाही. तिनं उंट धुतला आणि पर्समध्ये ठेवला. तो अजून तिच्याकडेच आहे, पुरावा म्हणून.

गुलफाम बिघडला हे बघायला दुसऱ्या दिवशी निम्मं गाव त्या दारात आलं. वासानं आत शिरलं, जेवलं आणि आता टेबल मिळत नाही. हाजीसाहेबांनी खिडकीतली एक खुर्ची मात्र माझ्यासाठी राखून ठेवली आहे. दर शुक्रवारी नमाजनंतर मी तिथं बसून सगळ्यांना दिसेल असं जेवायचं, हा त्यांचा हुकूम आहे.

टॅक्सीत अजूनही लोक विचारतात, "चाचा, या शहरात खात्रीचं हलाल कुठं मिळेल?"

मी छाती ठोकून, अगदी खरं तेच सांगतो, "सरळ जा, कोपऱ्यावर डुकराचं मुंडकं दिसेल, त्याच्या तोंडाखालून आत शिरा."

परवाचा प्रवासी तर पुढच्याच सिग्नलला उतरून गेला.