जिताडासाहेबांची मोजणी

खाडीतले जिताडे मोजायला मत्स्यखात्याने जिताडाच नेमला होता, आणि तो मोजता मोजता मासे खातो हे चांगुणा चोगले पहिल्या भरतीपासून ओरडून सांगत होती, पण सांबरखारात तिच्यावर एकाही माणसाने विश्वास ठेवला नाही. परकी माणसं सोडा, सख्ख्या जावेनेही ठेवला नाही.

खात्याचं तरी काय चुकलं म्हणा. आधी मोजणीला माणसंच यायची. पण आलेल्या साहेबाला मोकळ्या हाताने पाठवायची सांबरखारात रीत नाही. साहेब निघाला की जीपमध्ये केळीच्या पानात गुंडाळलेला जिताडा जायचा, आणि द्यायचा तर मोठाच द्यायचा. बारका दिला तर गावाची लाज. आता जिताड्याचं असं असतं, की लहानपणी सगळे नर. अंगाने भरले, चांगले मांडीएवढे झाले, की त्यांची मादी होते आणि ती खाडीच्या तोंडाशी जाऊन अंडी घालते. म्हणजे मोठा जिताडा दिला की आईच दिली. जितके साहेब आले तितक्या आया गेल्या. खात्याने यावर विचार केला आणि ठरवलं, की आता असा मोजणारा पाठवायचा जो जिताडा भेट घेणार नाही. जिताडा जिताड्याला कशाला खाईल?

हे ठरवणाऱ्याने जिताडा फक्त ताटात पाहिलेला असणार. चांगुणा धक्क्यावर उभी राहून म्हणाली, "दोन जिताडी एका पिंपात ठेवून बघा. सकाळी एकच असतं, आन् ते हसत असतं."

"तू तेवढी शहाणी," असं म्हणून लोक पांगले.

जिताडासाहेब जीपमधून आले, निळ्या पिंपात. धक्क्यावरच्या बर्फाच्या खोलीत त्यांचं ऑफिस थाटलं. टेबल, टेबलामागे पिंप, दारावर पाटी. पिंपाचं पाणी बदलायचं काम मच्छीमार सोसायटीने बायकांना पाळीपाळीने लावून दिलं. साहेब शुद्ध बोलत. आलेल्याला "बसा" म्हणत. पण त्यांना स्वतःला बसता येत नसल्यामुळे त्यांच्यासमोर कोणी बसत नसे.

पहिल्याच दिवशी सोसायटीचे चेअरमन हरिश्चंद्र नाखवा टोपी घालून भेटायला गेले, आणि जन्माची सवय, जाताना केळीच्या पानात जिताडा घेऊन गेले. पानाची गाठ सोडली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं. मासा जिवंत होता. साहेब त्याच्याकडे बघत होते. तो साहेबांकडे बघत होता.

"ही इथली रीत आहे का?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब," चेअरमन म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"रीत मोडू नये," साहेब म्हणाले. "पिंपात सोडा."

दुसऱ्या दिवशी पाणी बदलायची पाळी चांगुणाची होती. पिंपात साहेब एकटेच होते. तिने पाहुण्याची चौकशी केली तेव्हा ते म्हणाले, "ते गेले." पिंपाला दार नव्हतं. चांगुणाने हे गावभर सांगितलं. चेअरमन म्हणाले, "गेला म्हणतात तर गेला असेल. साहेब माणूस खोटं कशाला बोलेल?"

मोजणी भरतीला व्हायची. पाण्याकडे तोंड करून दवंडी दिली होती, त्यामुळे खाडीतले जिताडे वेळेवर धक्क्यापाशी यायचे आणि रांगेने पुढे सरकायचे. साहेबांना टोपलीत घालून दोरीने खाली सोडायचे. एका बाजूने रांग यायची, साहेबांसमोरून जायची, दुसऱ्या बाजूने बाहेर पडायची. बाहेर पडणारी रांग आखूड असायची. टोपली वर ओढायला मात्र दर खेपेला एक माणूस जास्त लागायचा.

"येतात तेवढी जात नायत," चांगुणा म्हणायची.

"पाणी गढूळ हाय, तुला दिसत नाय," लोक म्हणायचे.

मग साहेबांनी वर कळवलं की सांबरखारात जिताडे कमी होत आहेत, त्या अर्थी गावात चोरून मासेमारी होते. खात्याचं उत्तर आलं. वर्षाच्या शेवटी चौकशी होईल. मासे कोणी संपवले त्याचं नाव निघालं तर त्या एकट्याला शिक्षा. नाव निघालं नाही तर खाडी तीन वर्षं बंद. जाळं नाही, पाग नाही, साधा गळसुद्धा नाही.

चांगुणाच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. तिची एक टोपली, एक कोयती आणि पेणच्या बाजारातली हातभर जागा, एवढ्यावर चूल पेटत होती. अशा चुली गावात घरोघरी होत्या. त्यामुळे झालं काय, की जो तो दुसऱ्याचं नाव शोधायला लागला. कोणाच्या घरातून कोकमाचा वास आला की चार माणसं सहज म्हणून ओटीवर येऊन बसायची. बायका एकमेकींच्या मोरीत डोकावू लागल्या.

"तुझ्या मोरीत काल खवलं दिसलं गो," तिची जाऊ सुमती एकदा म्हणाली.

"बोईचं होतं ते. जिताड्याचं खवलं आन् बोईचं खवलं कळत नाय, आन् म्हणे कोळ्याची सून."

"मी नुसतं म्हटलं."

"नुसतं म्हणायला माझीच मोरी मिळाली? जल्लं तुझं म्हणणं! त्या पिंपात बघ जा. तो बघ केवढा झालाय. काय वारा खाऊन झाला?"

"साहेब हायत ते. साहेब फुगतातच," सुमती म्हणाली. हे चांगुणाला मान्य करावं लागलं, कारण आधीचे साहेबही फुगले होते.

बोलून भागत नाही, दाखवलं पाहिजे, असं तिने ठरवलं. तिच्या घरामागे तळं होतं. उधाणाच्या भरतीला खारबांधाच्या उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून, जिताड्याची पिल्लं शेतात शिरतात. ती धरून घरामागच्या तळ्यात वाढवायची, हे तिथे सगळेच करतात. तळ्यातल्या माशाला नाव मात्र कोणी ठेवत नाही. नाव ठेवलं की कोयती चालत नाही. चांगुणाने जन्मात कधी ठेवलं नव्हतं. पण यंदा एक बोटाएवढं पिल्लू होतं, ते बाकीच्यांना भिऊन, ती कपडे धुवायला पाण्यात उतरली की तिच्या घोट्यामागे येऊन थांबायचं. ती त्याला चिमूटभर जवळा टाकायची, आणि आसपास कोणी नाही असं बघून त्याला धाकलू म्हणायची.

तिने जुन्या लुगड्याच्या काठातले लाल दोरे उसवले, तळ्यातली पिल्लं धरली आणि एकेकाच्या शेपटीपाशी दोरा बांधला. धाकलूला बांधताना हात जरा थांबला. पण आपलाच एक मागे ठेवला तर उद्या लोक तोंड उघडू देणार नाहीत. तिने त्यालाही बांधला, आणि पुढच्या भरतीला सगळी पिल्लं चेअरमनच्या डोळ्यांदेखत रांगेत सोडली.

मोजणी झाली. साहेबांना वर घेतलं, पिंपात ठेवलं. चांगुणाने चेअरमनना हाताला धरून बर्फाच्या खोलीत नेलं. साहेबांच्या जबड्यातून लाल दोरे लोंबत होते.

"साहेब, तोंडात काय हाय?" तिने विचारलं.

"कार्यालयीन साहित्य."

"माझ्या लुगड्याचे दोरे हायत ते."

"मग तुमचं लुगडं खाडीत काय करत होतं?" साहेबांनी विचारलं. चेअरमननी चमकून चांगुणाकडे बघितलं.

"पिल्लांना बांधले होते मी. पिल्लं खाल्लीत तुम्ही!"

"मोजली," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मुळीच चढला नाही. "बाहेर मोजायला गेलं की ती हलतात. एखादं दोनदा मोजलं जातं, एखादं राहून जातं. आत घेतलं की हलत नाहीत. मोजणी पक्की होते."

"मंग आता सोडा बाहेर."

"मोजणी पूर्ण झाल्यावर."

चेअरमननी टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, "पद्धत असेल खात्याची. आपल्याला काय कळतं?"

चांगुणाने पिंपात हात घालून दोरे ओढून घेतले. घरी जाऊन ओट्यावर पसरले. एक कमी होता. हे तिने कोणाला सांगितलं नाही.

पुढे साहेब इतके वाढले की पिंप बदलावं लागलं. आणि एका सकाळी सुमती पाणी बदलायला गेली तर पिंपातून आवाज आला, "यापुढे मला मॅडम म्हणायचं." गावात कोणाला नवल वाटलं नाही. एवढा मोठा झाल्यावर जिताड्याची मादी होतेच. चेअरमननी रंगाऱ्याला बोलावून दारावरची पाटी बदलून घेतली. बायकांनी जाऊन मॅडमची ओटी भरली. नारळ टेबलावर ठेवला, खण पिंपात तरंगत राहिला. चांगुणा गेली नाही.

"एवढा कसला आकस?" सुमती म्हणाली. "बाईमाणूस हाय आता ती."

"पोटात गाव घेऊन बसलीय ती. तिची ओटी अजून काय भरायची?"

वर्षाच्या शेवटी चौकशीला सबनीस नावाचे साहेब आले. माणूसच होते. धक्क्यावर टेबल मांडलं, बाजूला मॅडमचं पिंप आणलं. समोर गाव बसलं, बायका रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून त्यावर बसल्या. चांगुणाने लाल दोरे टेबलावर ठेवले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सबनीसांनी मान हलवत ऐकून घेतलं. मग ते पिंपाकडे वळले.

"मॅडम, तुम्ही मासे खाल्ले का?"

"मी रुजू झाल्यापासून एकही नाही," मॅडम म्हणाल्या. ते खरं होतं. खायला खाडीत काही राहिलंच नव्हतं.

"आणि आधीचे साहेब?"

"त्यांच्या काळातलं मला विचारू नये. ते आता नाहीत."

"खोली तीच, अंग तेच, दातसुद्धा तेच!" चांगुणा उठून उभी राहिली.

"बाई, पाटी वेगळी आहे," सबनीस समजुतीने म्हणाले. "जे साहेब नाहीत त्यांना शिक्षा कशी देणार? आणि मॅडमना तर हातच लावता येत नाही. या खाडीत अंडी घालू शकेल अशी मोठी मादी तेवढी एकच उरली आहे. पुढचे सगळे जिताडे त्यांच्या पोटी यायचे आहेत. त्यांना आज खाडीच्या तोंडाशी नेऊन सोडायचं. बाळंतपणाच्या रजेवर."

मॅडमनी डोळे मिटले नाहीत, कारण त्यांना पापण्या नव्हत्या. पण त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

मग सबनीसांनी खाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाळं ओढायला लावलं. बोई निघाल्या, चिंबोऱ्या निघाल्या, कोणाची तरी चप्पल निघाली. जिताडा एकच निघाला. बोटाएवढा, शेपटीपाशी लाल दोरा. त्याला पितळी तांब्यात घालून टेबलावर ठेवला.

सबनीसांनी तांब्यात वाकून बघितलं.

"सगळे गेले आणि हा एकटा राहिला," ते म्हणाले. "का राहिला?"

मग ते चांगुणाकडे वळले.

"जिताडा जिताड्याला खातो हे तुम्हीच सांगितलंत ना, चांगुणाबाई? मग शेवटी जो उरतो त्याने बाकीचे खाल्ले, हे उघड आहे."

"हा? हा बोटाएवढा? ह्यानं आख्खी खाडी खाल्ली?"

"खाऊनही वाढला नाही. म्हणजे लपवतो आहे. आणि ओळख पटवायला दोरा आहे. तुम्हीच बांधलेला."

चांगुणाने टेबलावरचे दोरे मुठीत धरले, पण आता त्यांचा काही उपयोग नव्हता.

चेअरमन नारळ आणि घरच्या मसाल्याची पुडी घेऊन पुढे आले आणि दोन्ही तांब्याशेजारी ठेवली. "साहेब, आरोपी तुमच्याबरोबर नेणारच असाल," ते म्हणाले, "तर हेही असू द्या. लहान हाय, गावाला लाज वाटते. पण दुसरा नाय हो."

"रीत मोडू नये," सबनीस म्हणाले. पिंपात थोडं पाणी हललं.

सबनीसांनी पेन उघडलं. "नाव?"

"माशाला नाव नसतं," चांगुणा म्हणाली.

"मग दोषीचं नाव निघालं नाही असं लिहावं लागेल. तीन वर्षं खाडी बंद."

सगळा धक्का तिच्याकडे बघायला लागला. सुमती टोपलीवरून उठून तिच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "घोट्याशी येणारं ते पिल्लू. मी ऐकलंय गो तुला हाक मारताना, कुंपणाच्या पलीकडून. सांग ना."

"कोणी खाल्ली ते तुला कळलं ना आता?"

"कळलं. सगळ्यांना कळलं. ठेवला तुझ्यावर विश्वास. पण विश्वासानं टोपली भरते का? सांग बाय. उद्या भरती हाय."

चांगुणाने तांब्याकडे बघितलं. तिचं बोट काठावर होतं. पिल्लू पोहत पोहत त्याच बाजूला आलं आणि तिथे थांबलं.

"धाकलू," ती म्हणाली.

सबनीसांनी लिहिलं. "बापाचं नाव?"

"त्यांच्यात बापाचीच आई होते साहेब. कोण सांगणार?"

"तळं कोणाचं?"

"माझं."

"मग पालक तुम्ही." त्यांनी उरलेलं लिहिलं, शिक्का मारला, तांब्याच्या तोंडाला केळीचं पान बांधायला सांगितलं, आणि गावाला ऐकू जाईल असं उभं राहून वाचलं, की उद्याच्या भरतीपासून सांबरखारची खाडी सर्वांना खुली आहे, आणि खाडीतले जिताडे संपवल्याबद्दल दोषी आहे तो धाकलू चांगुणा चोगले.