इंग्लंड नही, वेल्स!

यशवंतआप्पांची मुलगी इंग्लंडमध्ये असते, असं चुकून कुणी म्हणालं की आप्पा पायातली चप्पल काढतात.

"इंग्लंड नही रे, वेल्स! तुले कोनी गुजरातना म्हनं ते चाली का?"

खानदेशातल्या म्हसावदात आमची भिंतीला भिंत. त्यामुळे वेल्सचं राजकारण मला नको असताना पाठ झालंय. आप्पांची लता वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला नर्स आहे. तिच्याकडे राहून आल्यापासून आप्पा पेटलेलेच. तिथे पाट्यांवर आधी वेल्श, मग इंग्रजी. शाळा-दवाखान्यांचे निर्णय कार्डिफच्याच विधानसभेत. "लंडनले इचारनं पडत नही!" हे ते गल्लीतल्या कुत्र्यालाही ऐकवतात. बऱ्याच गोष्टी अजून लंडनच्याच हातात आहेत, असं मी एकदा म्हणालो, तर आठवडाभर अबोला.

पण राग नुसता हवेतला नव्हता. गावच्या शाळेचं छत गळतंय. ग्रामसभेचा ठराव तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला, तिथून आणखी वर. पोरं व्हरांड्यात बसतात. गेल्या ग्रामसभेला एक साहेब आले, तेव्हा आप्पा उठले.

"साहेब, छत आमनं, पोरे आमना, मंग इचारानं कोनले?"

साहेब हसले. "आजोबा, जरा शुद्ध मराठीत बोला ना."

झालं! आप्पांनी टेबलावर अशी मूठ आपटली, की साहेबांचा चहा साहेबांच्याच पँटीवर.

"मन्ही माय अशुद्ध व्हती का? आठे ऱ्हावानं आम्ही, भिजानं आमना पोरेसनी, आन ठरावानं कोन्ही तिसराच! वर आमनी बोली भी धुईसन पाहिजे?"

एरवी आप्पांना हसणारं गाव त्या दिवशी हसलं नाही. साहेब पँट पुसत जीपमध्ये बसले. छत गळतंच आहे.

संध्याकाळी मी आप्पांना शांत करायला गेलो, तोच लताचा व्हिडिओ कॉल आला. नातीने शाळेतली वेल्श कविता घडाघडा म्हणून दाखवली. आप्पांनी टाळ्या वाजवल्या. मग विचारलं, "जेवनी का, बेटा?"

पोर गोंधळली, आईकडे बघू लागली. लता तिला इंग्रजीत समजावू लागली.

आप्पांचा आवाज एकदम उतरला. "तिनी माय धाकली व्हती," ते मला म्हणाले, "तवय मीच सांगं तिले. आहिरानी बोलू नको, लोके हासतीन."



तेवढ्यात फोनमधून बारीक, अडखळता आवाज आला, "जे...वनी."

आप्पांनी झटकन फोन कानाला लावला. तिकडे कार्डिफमध्ये नातीला नुसता आजोबांचा केसाळ कान दिसत असणार.

"आप्पा, फोन समोर धरा ना," लता सांगत होती.

"दम धर," आप्पा म्हणाले. "आयकू दे."